पुढे जायचा थेंब

नाही, त्या खुर्चीत नको — तिथे मागून उजेड येतो आणि माणूस नुसता काळा दिसतो. इकडे पलंगावर या, माझ्या शेजारी. हां. आता मी तुमच्या कानाकडे बघत बोलणार, मनाला लावून घेऊ नका — कानाकडे बघितलं तरच मला थोडा चेहरा दिसतो. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेकडेचं सगळं दिसतं — दार दिसतं, कपाट दिसतं, चहासुद्धा करते मी माझा माझा — पण ज्याच्याकडे नीट बघावं तेवढंच नेमकं गायब. डॉक्टर म्हणाले, पूर्ण अंधार नाही व्हायचा, काळजी करू नका. मी विचारलं, आणि अक्षर? तर म्हणाले, अक्षर नाही. दुकानदार सांगतो ना, साबण संपला — तसं म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तर तुमच्या संस्थेत, वृद्धाश्रमात जागा आहे का विचारायला, फोन मी केला होता, हे आधी स्पष्ट सांगते. मुलानं नाही, सुनेनं नाही, मी. शेजारणीकडून नंबर लावून घेतला. हो, हो — तुम्हाला काहीतरी सांगायचंय, कळलं मला, पण आधी माझं होऊ द्या, कारण सून बारापर्यंत येते आणि ती यायच्या आत आपलं बोलणं उरकलं पाहिजे. लॅबमध्ये आहे ती, सकाळी सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्त काढते. हात इतका हलका आहे की लोक म्हणतात, काढलंत का, कधी काढलंत? मुलगा परगावी असतो नोकरीला. महिन्यातून दोनदा येतो आणि येतो तेव्हा झोपतो. म्हणजे घरात आम्ही दोघीच, ती आणि मी. तुम्ही फोनवर विचारलंत, घरात काही त्रास आहे का — अहो, त्रास असता तर बरं झालं असतं, भांडून गेले असते. सून चांगली आहे हो. तिथेच तर सगळं अडलंय.

तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हाताऱ्या बाईला काहीतरी भास होतात असं वाटेल तुम्हाला. माझं वाचनालय होतं. बाजाराच्या मागच्या बोळात एक खोली, जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. लोक पुस्तक परत आणायचे ना, ते गेले की मी एक करायची — पुस्तक कण्यावर उभं धरायची आणि हात सोडायची. ते आपसूक उघडतं. वाटेल तिथे नाही उघडत — वाचणारा जिथे सगळ्यात जास्त रेंगाळला, जे पान त्यानं परत परत काढलं, तिथेच उघडतं. शाळेचे मुख्याध्यापक यायचे, कडक माणूस, पोरं चळाचळा कापायची त्यांच्यापुढे, आणि त्यांचं पुस्तक हटकून नायिकेच्या आजारपणात उघडायचं. मी कधी बोलले का? छे. पुढचं पुस्तक देताना एखादी नायिका जरा अंथरुणाला खिळलेली आहे एवढं बघून द्यायची, बस. माणूस तोंडानं काय वाट्टेल ते सांगतो, पण पुस्तक कुठे उघडतं ते खोटं बोलत नाही, असं माझं मत. आणि दुसरा नियम — वाचकाची खूण हलवायची नाही. कुणी धागा विसरलं, कुणी बसचं तिकीट विसरलं पानात, तर ते तिथेच ठेवायचं. त्याचं आहे ते, आपण कोण काढणार?

बरं. मग डोळे गेले. वाचनालय आधीच गेलं होतं, त्याचं दुःख करून झालं होतं, पण डोळे — मला तर वाटलं मेलेच मी. जेवणाच्या ताटापुढे बसून राहायची नुसती. तेव्हा सुनेनं हा फोन आणून दिला. म्हणाली, आई, आता पुस्तकं ऐकायची. काच गुळगुळीत, बोटाला काही समजत नाही, म्हणून तिनं नखांना लावायच्या रंगाचे दोन थेंब दिले वर — हा बघा, हात लावा, लावा हो — हा जाड थेंब, चालू आणि बंद. हा बारीक, मागे न्यायचा. दाबला की थोडं मागे, परत दाबला की आणखी मागे. पुढे जायचा थेंब नाही. ती म्हणाली, आई, पुढचं आपोआप येतंच की. बरोबर आहे तिचं. पण मी आयुष्यभर प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचलंय, शेवट ठाऊक असला की मग निवांत बसता येतं. आता शेवट माहीत नाही, किती उरलंय तेही माहीत नाही — पुस्तक हातात असलं की उजव्या अंगठ्याखाली कळतं ना, जाड आहे, पातळ झालं, आता चारच पानं, आता चहा ठेवू नये. इथे अंगठ्याखाली काच. पहिल्या भागातही काच आणि शेवटच्यातही काच.

आणि वाचणारा एकच. असतील दहाजण त्या पुस्तकं ऐकवणाऱ्या कंपनीकडे, पण माझ्या वाट्याला सदानकदा तोच. मी त्याला आवंढेबुवा म्हणते. दुःखाचं वाक्य आलं की आधी आवंढा गिळतो, म्हणजे आपल्याला कळतंच, आता कुणीतरी जाणार. बायका बोलायला लागल्या की आवाज बारीक करतो — सोळा वर्षांची पोर असो नाहीतर तिची आजी, सगळ्या एकाच नाकातून बोलतात. त्याच्याशी भांडता येत नाही. पुस्तकाशी येतं हो, मी समासात लिहायची, हे काही पटलं नाही, आणि मिटून ठेवायची, दोन दिवस बोलायची नाही त्याच्याशी. याला थांबवलं तर शब्दाच्या मध्येच थांबतो, तोंड उघडं ठेवून, आणि खोलीत तसाच बसून राहतो. मग परत लावावंच लागतं. आणि काय कमाल बघा — जुनं एखादं पुस्तक आठवायला बसले ना, वाचलेलं, माझं पाठ असलेलं, तर आता तेही त्याच्याच आवाजात आठवतं. माझा स्वतःचा मनातला आवाज होता, वाचतानाचा, तो कसा होता तेच विसरले. कुणाला सांगू हे? सुनेला सांगितलं तर तिला वाटेल एवढं करून म्हातारी नावंच ठेवते.

आणि सगळ्या घराला ऐकू जातं. कानात घालायचंही तिनं आणलं होतं, पण ते घालून बसले आणि दूध उतू जाऊन गॅस विझला, तसाच चालू, मला पत्ता नाही. ती आली म्हणून बरं. रागावली नाही — हात जोडले तिनं, आई, कानात नका घालू. रागावली असती तर मी ऐकलं नसतं, हात जोडल्यावर काय बोलणार? तेव्हापासून मोठ्यानं. अहो, मी एवढी वर्षं वाचलं, समोर सासू बसलेली, बाजूला नवरा, आणि मी त्यांच्या देखत भलत्याच गावात भलत्याच माणसाबरोबर हिंडून यायची, कुणाला सुगावा नाही. आता मी काय ऐकते ते भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही ठाऊक. मध्यंतरी नळ दुरुस्त करायला माणूस आला, नेमका पुस्तकात तो नको तो प्रसंग — मला थेंब सापडेना, घाईत मागचा दाबला, तर तोच प्रसंग परत पहिल्यापासून. नळवाला पाना हातात घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी नळ गळत नसताना आला, म्हणे सहज बघायला आलो, आणि जाताना विचारतो, आजी, लग्न झालं का हो त्यांचं? हसा, हसा. मलाही हसू आलं तेव्हा.

तर आता मुद्द्यावर येते. फोन दोन आहेत, हा माझा आणि एक तिचा, पण पुस्तकं ऐकायचं खातं एकच. जिथे एकीनं थांबवलं तिथून दुसरीचं सुरू होतं. म्हणजे एकच पुस्तक दोघींत आणि खूणही एकच. शिवणकाम करणाऱ्या एका बाईची गोष्ट लावली होती मी. नववा भाग. दुपारचं जेवण झालेलं, ऐकत पडले होते. ती बाई काय करते — घर आवरते, कपड्यांच्या घड्या घालते, किल्ली दाराजवळच्या फळीवर ठेवते. आतल्या खोलीत सासरा पडलेला. तो हाक मारतो, पाणी दे गं. ती ऐकते. थांबते. पाणी समोरच आहे, हात लांब केला तर मिळेल. आणि ती दार ओढून घेते आणि जाते. कुठे जाते, परत येते का, देव जाणे, कारण तिथे माझा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब दाबला, तर आवंढेबुवा म्हणतो, भाग नववा. परत पहिल्यापासून. आणि काय पळत बोलत होता — सोडा, आवंढासुद्धा दीडपट वेगानं. तशी कोण ऐकते? सून ऐकते. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना, जिने चढताना, तिला वेळ कुठे आहे सावकाश ऐकायला. मी उठून बसले. म्हटलं, म्हणजे हिनं हा भाग परत लावला. पुस्तक उभं धरून हात सोडला आणि ते तिथे उघडलं, ताई.

मी पाण्याच्या हाकेपर्यंत ऐकलं आणि बारीक थेंब दाबत दाबत परत सुरुवातीला आणून ठेवलं. खूण हलवायची नाही. तिला कळायला नको, मला कळलं म्हणून. दुसऱ्या दिवशी, भाग नववा. तिसऱ्या दिवशी, भाग नववा, तसाच पळत. महिना झाला. महिनाभर मी रोज ती किल्ली फळीवर ठेवलेली ऐकतेय आणि रोज तो म्हातारा पाणी मागतोय. पुढे काय झालं ते ऐकायचा मला हक्क नाही असं वाटायला लागलं — तिनं खूण पुढे नेल्याशिवाय मी कशी जाऊ? आणि मग बाकीच्या गोष्टी ऐकू यायला लागल्या. ती कामावरून येते ना, किल्ली कुलपात घालते आणि फिरवत नाही. उभी राहते बाहेर. मी इथून ऐकते, किल्ली आत गेलेली, आणि मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं फिरवते आणि हसत आत येते, आई, जेवलात का? घरात यायचं बळ गोळा करत असेल. का नाही करणार? तरुण आहे, मूलबाळ नाही, नवरा येतो तेव्हा झोपतो, आणि आत मी बसलेय आवंढेबुवाला घेऊन. तिचं ठिकाण कुठे असेल, कुणी असेल-नसेल, मला विचारायचंसुद्धा नाही. पण ती मला टाकून जायची नाही. त्या पुस्तकातल्या बाईसारखं तिला नाही जमायचं, मी पाणी म्हटलं की ही थांबणार, थांबणार म्हणजे थांबणारच, आणि असं करत करत म्हातारी होणार. म्हणून मी ठरवलं, पाणी मागणारंच घरात नको. मी गेले की दार मोकळं. मग तिचं तिनं बघावं. मुलाला वाईट वाटेल, तर वाटू दे, दोन दिवस झोप लागणार नाही.

मला जायचंय का? हे काय विचारणं झालं — फोन कुणी केला? जायचंय म्हणून तर... तुमच्याकडे एका खोलीत चौघी असतात ना? त्यांना चालेल का हो, मोठ्यानं लावलेलं? नाही चाललं तर राहू दे, सवय होईल. आणि हा रंग घासला जातो, दर पंधरवड्याला नवा द्यावा लागतो थेंब. ती देते, आणि वाळेपर्यंत फुंकर मारत बसते इथे, तुम्ही बसलात ना तिथे. फुंकर मारता मारता लॅबमधल्या गमती सांगते, कोण सुई बघून घेरी येऊन पडलं, कोण पैलवान रडला. तुमच्याकडे आहे का कुणी थेंब द्यायला? नाही, सहज विचारलं. मला जायचं नाही असं मी कुठे म्हणाले? माझ्या जायच्या-न जायच्याचा प्रश्नच नाही यात. नाही हो, डोळ्यांतून असंच येतं पाणी, त्या थेंबांचं आहे, डोळ्यांत घालायच्या. तुम्ही मघापासून चुळबुळ करताय, बोला, काय सांगायचंय ते.

काय? कोण आलं होतं? — आमची? आमची सून तुमच्या संस्थेत? कधी? — गेल्या आठवड्यात. माझ्या फोनच्या आधी. म्हणजे तिनंच — मग बरोबरच होतं माझं, झालं की, मी म्हटलंच होतं. नाही? नाही काय? काय म्हणाली ती, नीट सांगा, तिच्याच शब्दांत सांगा. ‘आईंना इथे कोंडल्यासारखं होतंय’. बरं. ‘त्या बोलत नाहीत, पण महिनाभर रोज एकच भाग ऐकतात. घर सोडून जायचा.’ — मी? अहो, मी कुठे, ती ऐकते तो. म्हणजे मी ऐकते, पण तिच्यामुळे ऐकते. ‘त्यांना जायचंय आणि मला वाईट वाटेल म्हणून जात नाहीत.’ असं म्हणाली? आणि काय म्हणाली? — ‘खिडकीची खोली असेल तर बघा.’

थांबा जरा. थांबा, मला जोडू द्या. पहिल्या दिवशी मला झोप लागली. ती खोलीत आली असेल, फोन नुसताच चालू, आई झोपलेल्या — तिनं बंद केला असेल, आणि माझं काही ऐकायचं राहू नये म्हणून भागाच्या सुरुवातीला नेऊन ठेवला असेल. तशीच आहे ती. दुधावरची साय सुद्धा माझ्यासाठी बाजूला ठेवते. नेताना वेग तिच्या सवयीचा पडला असेल. आणि मग तो तसाच राहिला. महिनाभर तसाच राहिला, कारण वेग बदलायचा थेंब माझ्याकडे नाही. आणि नववा भाग सकाळी तिथेच असायचा, कारण आदल्या दिवशी मीच तो तिथे आणून ठेवलेला असायचा. काय म्हणावं याला? सुतावरून स्वर्ग गाठला मी, आणि सूतही माझंच. तिचं पुस्तक उघडून बघते म्हणून मी माझंच बघत बसले, आणि ती बिचारी माझं बघत बसली. एका घरात दोघी, एक भिंत मध्ये, आणि एकीनंही विचारलं नाही, का गं, का हो. वाचनालय चालवलं म्हणे. म्हणजे ती दारात किल्ली घालून उभी राहते ते — आत कोणता भाग चाललाय ते ऐकत असेल. तेच असेल. आज तरी आईंनी दुसरं काही लावलं का, हे बघत असेल. होय ना? तुम्हाला काय वाटतं? तसंच असणार.

शू. आली. किल्ली घातली, ऐकलंत? अजून फिरवली नाही. बघा, आत्ता तर मी काहीच लावलेलं नाही, आतून आवाज नाही कसला, तरी — फिरवेल. बोलू नका. — फिरवली.

ये गं. ये आत. या बाई संस्थेच्या, तुला ठाऊक आहेत, मला सगळं सांगितलं त्यांनी. निघाल्याच आहेत त्या. जा हो ताई, खोलीबिली राहू द्या, नंतर बघू, दार ओढून घ्या जाताना. — ती रक्ताची पेटी खाली ठेव आधी, आणि बस इथे. हे बघ, एकच सांगायचंय. तो नववा भाग मला आवडत नाही. कधीच आवडला नाही, झोप लागली होती मला त्यात. मला वाटलं तो तुझा आहे, तुझी खूण आहे, म्हणून मी रोज जपून ठेवत होते, आणि तुला वाटलं तो माझा. हसायची गोष्ट आहे की नाही? मला कुठेही जायचं नाही. इथेच राहायचंय, तुझ्याजवळ. झालं, सांगितलं. आता संध्याकाळी दोघी मिळून दहावा भाग लावू, बघू ती बाई कुठे जाते ते. तू पण ऐकलाच नसशील पुढचा. तुझा नव्हता ना तो भाग?

अगं, नव्हता ना?

मान हलवू नकोस, मला दिसत नाही. तोंडानं सांग.